आत्याचं हळदीकुंकू

शिनोलीत आजारपणाला माझ्या आत्याइतकं कुणी छळलं नसेल. घोडेगावच्या शाळेत नोकरी लागली म्हणून मी काही वर्षं तिच्याकडे राहिले. दारात कुणी आलं की ‘या, बसा’ म्हणायच्या आधी ती त्याची खालची पापणी ओढून अंगात रक्त कमी आहे का ते बघायची. हे तिला उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी शिकवलं आणि नंतर त्याच पस्तावल्या. मुलगी बघायला आलेल्या नवरदेवाचीही पापणी ओढून तिने सांगितलं होतं, “पोरगं लई फिकं हाय. आदी पालेभाजी खाऊ घाला, मंग लगीन.” पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले.

बायका मात्र उपकेंद्रात रक्त तपासायला जात नसत. काम टाकून सुई टोचून घ्यायला कोण जाणार? मग आत्याने संक्रांतीच्या हळदीकुंकवालाच नर्सबाईंना उंबऱ्याशी बसवलं. आधी बोट पुढे करायचं, मग तिळगूळ आणि वाण! बायका कुरकुरत आल्या, पण आल्या. आली नाही ती शेजारी राहणारी आत्याची थोरली जाऊ. बांधावरच्या आंब्यावरून दोघींचं बोलणं बंद होतं. विहिरीवरून हंडा आणताना ती वाटेत दोनदा टेकायची आणि आत्या खिडकीतून बघत चरफडायची, “मरंल, पन माज्या दारात न्हाई यायची!”

मग आत्याने हळदीकुंकूच उचललं. तबक, बायका आणि नर्सबाई घेऊन ती जावेच्या अंगणात उभी राहिली.

“तू का आलीस?” जाऊ कडाडली.

“मी न्हाई आले, हळदीकुंकू आलंय.”

दारातल्या सवाष्णींना परत कसं पाठवायचं? जावेने मुकाट सतरंजी अंथरली आणि बोट पुढे केलं. आकडा बघून नर्सबाईंचा चेहराच उतरला. त्याच दुपारी जीप करून आत्याने जावेला घोडेगावच्या दवाखान्यात नेलं. दोघी शेजारी बसल्या, एक या खिडकीबाहेर बघत, दुसरी त्या. रक्त चढलं, जाऊ वाचली. अबोला काही सुटला नाही.

आत्या गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. हळदीकुंकू हल्ली जावेच्या घरी असतं, नर्सबाईंसकट. गेल्या संक्रांतीला मी गेले, तर म्हातारीने आधी माझी पापणी ओढली.

“फिकी दिसतीस. ती असती तर लई बोलली असती.”

“आणि बांधावरचा आंबा कुणाचा?” मी चिडवलं.

“माजाच हाय,” ती म्हणाली. माझी पापणी तिने तशीच धरून ठेवली होती, आणि पाणी तिच्या डोळ्यांतून वाहत होतं.