टिकटिक ऐकणारे काका

लिहिण्याचा मला अधिकार आहे की नाही, ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि ज्यांच्याविषयी लिहितोय त्यांचं नावही मी कधी विचारलं नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

सानपाड्याच्या पुलाजवळ त्यांचं गॅरेज होतं. पप्पांच्या टॅक्सीचं इंजिन टिकटिक करू लागलं, तेव्हा आम्ही तिथे गेलो. त्या टॅक्सीशिवाय आम्हाला कमाईचं दुसरं साधन नव्हतं; माझी फीही तिच्यातूनच जायची. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनवर टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग इंजिन बंद करून त्यांनी ऑइलचा थेंब बोटांत चोळला.

"जाड ऑइल वतलंस ना?"

पप्पा ओशाळले. "आवाज बंद व्हावा म्हणून..."

"अरे दादा, रडनाऱ्या पोराचं तोंड दाबलंस! वरपर्यंत ऑइल चढतच नाय. असाच चालवला असतास, तर इंजिन जाम झाला असता."

त्यांनी इंजिनखालचं ऑइलचं चेंबर काढून गाळाने बुजलेली जाळी धुतली आणि योग्य ऑइल भरलं. इंजिन पुन्हा सुरू केलं, तशी टिकटिक हळूहळू विरली. पप्पांनी बॉनेटवरून हात फिरवला.

त्यानंतर मी कॉलेजला जाताना काका हाक मारायचे, "गाडी काय बोलते?"

"गप्प आहे, काका!"

पुढे गॅरेज उरणकडे गेलं. हल्लीच नजर अधू झाल्यामुळे पप्पांनी टॅक्सी विकली. एका ड्रायव्हरकडून ते काकांना कळलं, आणि त्यांचा पप्पांना फोन आला; स्पीकरवर मीही ऐकत होतो.

"चालती इकलीस ना?"

"हो," पप्पा डोळे पुसत म्हणाले.

"मग रडतोस कशाला? आता दुसऱ्या कुनाच्या पोराला शिकवंल ती."