वाकडी करंगळी

रामदासपेठेत तो स्कूटरच्या नंबरप्लेटा रंगवायचा. गिऱ्हाईक नसलं की कोऱ्या पत्र्यावर खडूने माणसं काढत बसे. शिकवणारं कुणी नव्हतं, समोर बसायलाही कुणी तयार नसे. म्हणून हात काढताना तो स्वतःचाच डावा हात न्याहाळायचा. त्याची करंगळी वाकडी होती; मग चित्रातल्या सगळ्यांचीच वाकडी यायची. आम्ही हसायचो.

बाबा गेल्यावर त्याने आपणहून त्यांचं चित्र रंगवून आणलं. चेहरा हुबेहूब होता. आई मात्र म्हणाली, "भाऊ, हा हात यांचा नाही."

"पाहाले माझ्याजवळ एवढाच हात हाये, वहिनी," म्हणत त्याने तिथंच बसून त्या हातावर शाल रंगवली.

पुढे मे महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. भर उन्हात, पत्र्यावरची सगळी माणसं शाली पांघरून बसली होती.