काचेआडची इंजिनं

आत्या घरी परतली त्या सकाळी सगळे तिचं तोंड बघायला दिवाणखान्यात जमले होते. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती बहिणीकडे राहून पुन्हा चालायला शिकली होती आणि आता काठी टेकत, शेजाऱ्याने पुढे केलेला हात झिडकारत, जिना चढून वर आली होती. दारात भाऊ, त्याच्यामागे वहिनी, खुर्चीच्या हातावर पुतणी आणि समोरच्या भिंतीवर टांगलेल्या चादरीजवळ पुतणीचा नवरा. चादरीचं टोक त्याच्या हातात होतं आणि चेहऱ्यावर असं हसू, की आत्याला वाटलं, ह्याने नक्की मोठा टीव्ही आणला.

"आत्या, डोळे मिटा."

"अरे, उघडे ठेवून पायऱ्या दिसल्या नाहीत, मिटायला कुठे सांगतोस? काय ते दाखव."

जावयाने चादर ओढली. भिंतीवर दारापेक्षा रुंद अशी काचेची चौकट होती. आत काळं मखमली कापड, वर बारीक दिवे, आणि त्या उजेडात ओळीने लावलेली आत्याची सगळीच्या सगळी इंजिनं. चांदीच्या भांड्यांसारखी लखलखत होती. पुतणीने टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाली, "बघा, आता कशी घरात शोभतायत."

आत्याची नजर एका इंजिनावरून दुसऱ्यावर फिरत राहिली. आनंदाने बोलती बंद झाली, असं सगळ्यांना वाटलं.

ती इंजिनं म्हणजे छोट्या विमानांची. दोरीला बांधून किंवा रेडिओवर मैदानात उडवतात ना, त्या विमानांच्या नाकात बसतात तशी. मुठीत मावतील एवढी, काही तर अंगठ्याएवढी; पण खरीखुरी. पिस्टन, सिलिंडर, दांडा, सगळं असलेली. ईथर, रॉकेल आणि एरंडेल मिसळून पाजलं, पुढचा पंखा बोटाने झटकला, की अशी किंचाळत सुटतात की शेजारच्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात. आत्याने जन्मभर पंपाच्या कारखान्यात लेथ चालवली. तिथे एकदा वितळवायला आलेल्या भंगारात तिला असं एक इंजिन सापडलं. पिस्टन घट्ट अडकलेला, आत एरंडेल वाळून डिंकासारखं झालेलं. तिने ते रॉकेलमध्ये भिजत ठेवलं, गरम केलं, पुन्हा भिजवलं, आणि एका सुट्टीच्या दुपारी गॅलरीत टेबलाच्या लोखंडी शिकंज्यात पकडून पंखा झटकत बसली. बोटं सुजली. शेवटी ते फुर्र करून ओरडलं आणि सगळी गॅलरी निळ्या धुराने भरून गेली. भाऊ धावत आला. त्याला वाटलं, गॅसचा स्फोट झाला. आत्या तेलाने माखलेल्या तोंडाने हसत होती. इतकं हसताना भावाने तिला लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून ती इंजिनं गोळा करू लागली. भंगारवाल्यांकडून, मैदानावर विमानं उडवणाऱ्यांकडून, कोणाच्या माळ्यावरून. विमान तिने एकही घेतलं नाही. लोक हमखास विचारत, "विमान कुठाय?" ती म्हणे, "विमानाचं मला काय करायचंय? ते वर जातं, आवाजही घेऊन जातं."

ती काचेजवळ गेली. चष्मा वर केला, खाली केला. एका इंजिनाचं डोकं मुळात लाल होतं, कुंकवासारखं. ते आता राखाडी होतं. दुसऱ्याच्या अंगावर देवीचे व्रण असावेत तसे खड्डे होते आणि त्या खड्ड्यांवरून चकाकी फिरवलेली होती.

"हे कशाने धुतलंस?" तिने विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"कॉस्टिक सोडा," जावई उत्साहाने म्हणाला. घरं सजवायचा त्याचा धंदा होता आणि ह्या चौकटीवर त्याने कारागिरांच्या मागे लागून मेहनत घेतली होती. "तो तपकिरी चिकटा निघता निघेना हो. गरम पाण्यात कॉस्टिक घातलं आणि टाकली सगळी. काय फेस आला! मग बफिंग करून चकाकी, मग वरून लॅकरचा थर."

"फेस आला."

"हो, नुसता उसळत होता."

"तो चिकट्याचा फेस नव्हता. ॲल्युमिनियम विरघळत होतं ते. तू इंजिनं शिजवलीस."

जावयाचं हसू जरा ढिलं झालं. आत्या काचेवर नाक टेकवून बघतच होती. प्रत्येक इंजिनाला बाजूने एक लांब सुई असते. ती फिरवून तेल कमीजास्त करायचं. एकाही इंजिनाची सुई दिसेना.

"सुया कुठायत?"

"त्या बाहेर येत होत्या ना आत्या, काच बसेना..."

"मग?"

"कापल्या."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तिने काठी उगारली नाही, आरडाओरडाही केला नाही. ती वळली आणि जावयाकडे पाहून म्हणाली, "अहो जावईबापू, ही चौकट खाली उतरवा."

लग्न झाल्या दिवसापासून ती त्याला अरेतुरे करत आली होती. त्याची आई लहानपणीच गेलेली. आत्याची तोंडाळ माया त्याला आवडायची आणि त्याचं बेधडकपण तिला. ते "अहो" ऐकून त्याचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला.

"अगं, त्याने हौसेने केलंय," भाऊ मध्ये पडला. "किती दिवस खपला बिचारा."

"त्याचा वेळ गेला ते तुला दिसतं. माझी ही सगळी मारून टाकली ते दिसत नाही?"

"मारून काय टाकली? इंजिनं आहेत ती. आणि दिसतायत तर किती छान!"

"मेलेल्या माणसाला आंघोळ घालून चांगले कपडे चढवले की तोही छानच दिसतो. म्हणून काय त्याला भिंतीवर लावतोस?"

"तोंड सांभाळ!" भावाचाही पारा चढला. "इतकी वर्षं त्या वासात जेवलो आम्ही. तुझ्या धुराने हिचा खोकला जात नव्हता. कधी बोललो? तू घरी नाहीस म्हणून जरा घर घरासारखं केलं, तर..."

त्याने जीभ चावली, पण उशीर झाला होता. आत्या काठी आपटत गॅलरीत गेली. तिचं टेबल नव्हतं, शिकंजा नव्हता. बाटल्यांची फळीही गेली होती. भिंती पिस्त्याच्या रंगाच्या झाल्या होत्या. कुंड्या ओळीने मांडल्या होत्या आणि मध्ये वेताची झुलती खुर्ची.

"तुमच्या आरामासाठीच हो," वहिनी मागून म्हणाली. "गुडघा आता जपायला हवा ना."

"मला विचारलंत?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता."

वहिनी हे अगदी साधेपणाने म्हणाली आणि म्हणूनच आत्याला त्या दिवसातलं सगळ्यात जास्त लागलं. चौकट हौसेने झाली असेलही. पण गॅलरी ठरवून झाली होती. ती घरात नसण्याची वाट पाहिली गेली होती.

दुपारी जावयाने निमूटपणे चौकट उतरवली. आत्याने स्वतः काच काढली. इंजिनं फळीला नुसती चिकटवलेली नव्हती, स्क्रूने आवळलीही होती, आणि त्या स्क्रूंसाठी इंजिनांच्या दोन्ही बाजूंना बसवण्यासाठी असलेल्या कानांची भोकं ड्रिलने वाकडीतिकडी मोठी केली होती. एकेक सुटं होत गेलं तसतशी तिच्या तोंडातून एकेक शिवी बाहेर पडत होती. कारखान्यातल्या शिव्या होत्या त्या. पुतणी उठून आतल्या खोलीत गेली. "ऐक की," आत्या मागून ओरडली, "तुझ्याच नवऱ्याचं कौतुक चाललंय!"

सगळ्यात खालच्या ओळीत डॉक्टरांचं इंजिन होतं. ते हातात घेतल्यावर मात्र तिची शिवी अर्धीच राहिली.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. नदीकाठच्या मैदानावर विमानं उडवायचे. ते गेल्यावर त्यांच्या बायकोने ते इंजिन आत्याला आणून दिलं होतं. विकलं नाही, दिलं. "कपाटात ठेवू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ठेवायचं असतं तर माझ्याकडे कपाटं होती. वाजवत जा." आणि त्या मधूनमधून यायच्या, गॅलरीत स्टुलावर बसायच्या, आत्या इंजिन लावायची, त्या डोळे मिटून ऐकायच्या, चहा पिऊन जायच्या. नवऱ्याबद्दल फारसं कधी बोलल्या नाहीत. त्या इंजिनाचं पोट, पिस्टनखालचा पोकळ भाग, आता कागदासारखं पातळ झालं होतं. आत्याने अंगठ्याने जरा दाबलं तर ते फुटलं.

दुसऱ्या दिवसापासून आत्या घरात जेवेना. जुन्या कारखान्यातला एक टर्नर, तिच्याबरोबर लेथवर असलेला, आता स्वतःचं वर्कशॉप चालवत होता. त्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक रिकामी शेड होती. त्याने ती तिला देऊ केली. "तुम्ही इथे कटकट केली तरी ऐकू येणार नाही," तो म्हणाला, "माझी मशीनं त्याहून ओरडतात." तिने आपलं सामान शोधलं. शिकंजा माळ्यावर सापडला, हत्यारं पलंगाखाली खोक्यात. बाटल्या कचऱ्यात गेल्या होत्या. भावाशी ती दूध आणि वीजबिल एवढ्याच विषयांवर बोलू लागली. भाऊ एकदा म्हणाला, "किती दिवस धरून बसणार आहेस?" ती म्हणाली, "सुटेल तेव्हा सुटेल. तुझ्या सोयीने राग बंद करायला मी काय नळ आहे?"

जावई शेडमध्ये आला तो रविवारी. हातात मिठाईचा पुडा नव्हता की फुलं नव्हती. बहुधा पुतणीने बजावलं असावं. तो दारात उभा राहिला. "मी काय करू सांगा."

आत्याला त्याला हाकलायचं होतं. ती तोंड उघडणार तोच तिची नजर त्या गोंद चिकटलेल्या इंजिनांच्या ढिगाकडे गेली.

"बसा," ती म्हणाली. "ॲसिटोन आहे, ब्रश आहे. गोंद काढा. ओरखडा उठला तर याद राखा."

तो बसला. पुढच्या रविवारीही आला आणि त्याच्या पुढच्याही. दोघं तासन्‌तास काम करत. तो कधी स्वतःची बाजू मांडू लागला की ती म्हणे, "हात चालवा." बहुतेक इंजिनं गेलेलीच होती. काहींचे सिलिंडर पोलादी असल्याने वाचले होते, पण बफिंगची बारीक पूड आत जाऊन बसली होती. जी जगण्यासारखी होती त्यांच्यासाठी आत्या सुया घडवत होती. डॉक्टरांच्या इंजिनाचं पोट ती भरीव ठोकळ्यातून नव्याने कोरत होती. टर्नर त्याची लेथ तिला सुट्टीच्या दिवशी वापरू देई. गुडघा ठणके, उभं राहवत नसे. ती लेथला टेकून, दात खात काम करी. एक पोट बिघडलं, दुसरं बिघडलं. तिसऱ्या वेळी तिने ठोकळा भिंतीवर फेकून मारला, मग लंगडत जाऊन उचलला आणि पुन्हा लेथच्या चकमध्ये बसवला.

एके रविवारी एक वाचलेलं इंजिन लावून बघायचं होतं. जावयाने विचारलं, "मी झटकू?" तिने मान डोलावली. त्याने पंखा झटकला, इंजिन एकदम पेटलं, आणि हा मठ्ठासारखा बोट तिथेच ठेवून बघत राहिला.

"अरे गाढवा, हात काढ!"

पंख्याने बोटावर फटका मारलाच. रक्त आलं. त्याने बोट तोंडात घातलं आणि तिच्याकडे बघून चक्क हसला. आत्या भानावर आली. इंजिन बंद करून, तोंड फिरवून म्हणाली, "जखम धुवा. नळ बाहेर आहे."

डॉक्टरीणबाईंना सांगायचं ती टाळत होती. पण एका रविवारी त्या स्वतःच आत्याच्या घरी जाऊन आल्या, वहिनीने पत्ता दिला, आणि त्या शोधत शोधत शेडपाशी पोचल्या. आत्याने फुटकं पोट त्यांच्यापुढे ठेवलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कोणी केलं तेही सांगितलं. कोपऱ्यात गोंद खरवडणारा जावई लाल झाला.

डॉक्टरीणबाईंनी तो फुटका तुकडा उलटसुलट करून पाहिला. मग त्या जावयाला म्हणाल्या, "मला फार राग आलाय तुमचा." बस, एवढंच. त्या ओरडल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्याची मान वर झाली नाही.

"नवं पोट झालंय," आत्या म्हणाली. "अजून इंजिन लावून पाहिलेलं नाही. ऐकायचंय का?"

त्या स्टूल ओढून बसल्या. आत्याने इंजिन शिकंज्यात आवळलं, तेल पाजलं, हवेच्या भोकावर बोट दाबून पंखा फिरवला, मग झटकला. पुष्कळ वेळ काही होईना. आत्या पुटपुटत शिव्या देत राहिली. अखेर ते पेटलं. आवाज कर्कश होता, भांडणाऱ्या बाईसारखा. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले.

तेल संपून ते थांबल्यावर त्या म्हणाल्या, "ह्यांचं असं ओरडत नव्हतं."

"नव्हतं ओरडत," आत्या म्हणाली. तिने पंख्यावरचं तेल चिंधीने जोरात पुसलं. "मापं जुळवली मी, पण धातू दुसरा, अंग जाड. तो आवाज गेला तो गेला. खोटं कशाला बोलू? चालून चालून हे जरा मऊ होईल, इतकंच."

"किती चालवावं लागेल?"

"बरंच."

डॉक्टरीणबाई पदराने हातावरचे तेलाचे शिंतोडे पुसत बसल्या. "मग आत्ता पुन्हा लावा," त्या म्हणाल्या. "मला घरी जायची घाई नाही."

आत्याने बाटलीकडे पाहिलं. ती रिकामी होती. तिने मागे न वळताच आवाज दिला, "जावईबापू, ते ईथर इकडे आणा. आणि झाकण नीट लावत जा, अर्धं उडून गेलंय!"