सागाच्या वनातला भात
कुकरमधून बासमतीचा वास सुटला की मला यावलच्या जंगलातली ती संध्याकाळ आठवते. आम्ही उतरलो होतो त्या तंबूंपासून निघून पुन्हा तिथेच येणारी छोटी, सोपी निसर्गवाट होती. आप्पा पुढे वळणाआड गेले होते, मी आणि आई मागे. सागाची वाळकी पानं पायाखाली करकरत होती. आई एकाएकी थांबली. "आठे भात कोन रांधी ऱ्हायनं?" खरंच, गरम भाताचा वास येत होता आणि आसपास एकही घर नव्हतं. पाखरंही गप्प झाली होती. मी आप्पांना हाक मारली. मग ते दिसले, आमच्याकडे पाठ करून, उलट्या पावलांनी हळूहळू मागे येताना. आई पळायला वळणार तोच, "पयू नका," ते पुटपुटले, "मांगे सरका." वाघाच्या मुताला तसा वास येतो, हे मला पुढे कळलं. वळणापलीकडे काय पाहिलं, ते आप्पांनी आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की उठून अंगणात जातात.