गोपाळ भावजींचा चोक

रविवारी सकाळी गोपाळ भावजी चार मित्रांसमोर गाडीचं बॉनेट उघडणार आहेत, आणि आत कार्बोरेटर नाही. ही धास्ती दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. पोह्यांच्या दुकानावरची ती मंडळी त्यांना वर्षभर चिडवतील. भावजी रागावत नाहीत, पण गप्प बसतात, आणि ते गप्प बसलेले मला बघवत नाहीत.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. बँकेतून रिटायर झाले, लग्न केलं नाही, माधव नगरात आमच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहतात. शर्टच्या खिशात पेनाशेजारी स्क्रूड्रायव्हर. यंत्र बिघडलं की त्यांना आधी कानाने कळतं. जिना चढता चढता शेजारच्या सुमनताईंना ओरडून सांगतील, "मिक्सर गेला हो तुमचा, आज चटणी जाडीभरडी!" आमच्या थोरल्या श्रुतीच्या लग्नात नवरदेवाची गाडी अडली, तेव्हा हे रेशमी कुर्त्यातच बॉनेटखाली शिरले. वरपक्षाबरोबरच्या फोटोत त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत काळे आहेत आणि चेहरा नवरदेवापेक्षा खूश.

डोळ्यांचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांनी आपली जुनी गाडी माझ्या धाकटीला, मुक्ताला दिली. ती रोज देवासला कॉलेजात शिकवायला जाते. गाडीचं इंजिन पार थकलेलं, दुसरं बसवणं भाग होतं. भावजींची अट एकच.

"कार्बोरेटरवालंच बसवायचं. पेट्रोलमध्ये हवा मिसळणारं साधं भांडं ते. बिघडलं तर एक स्क्रूड्रायव्हर आणि दोन कान, बस्स. ते इंजेक्शनवालं नको. त्यात पेट्रोल किती सोडायचं ते कम्प्यूटर ठरवतो. रस्त्यात रुसला तर त्याची समजूत कोण काढणार?"

"काका, मी जंगलात कान लावून बसू का? थंडीत रोज सकाळी तुमचा कार्बोरेटर खोकतो."

"खोकत नाही. घसा साफ करतो."

मी मनातून मुक्ताच्या बाजूची. सहाला निघालेली मुलगी साडेसातला पोचल्याचा फोन करेपर्यंत मला चहा गोड लागत नाही. त्यामुळे इथल्या देवास गेटजवळच्या बापू मेकॅनिकने इंजेक्शनवालं इंजिन बसवलं, टाकीत पंप टाकला, सीटखाली कम्प्यूटरचा डबा दडवला, तेव्हा मी काही बोलले नाही. बापू तेवढा घाबरला होता. "दीदी, काकाजी को पता चला ना, तो मेरी दुकान के सामने खटिया डाल के बैठेंगे."

मग मुक्ताला एक कल्पना सुचली. कार्बोरेटरच्या गाडीला चोक असतो. थंड इंजिन सुरू करायला जास्त पेट्रोल जावं म्हणून ओढायची ती मूठ. आता तिचा काही उपयोग नव्हता. मुक्ताने ती जागच्या जागी ठेवायला लावली. मागे नुसती एक स्प्रिंग, म्हणजे ओढताना हाताला खरी वाटावी.

तेव्हापासून रोज सकाळी भावजी फिरून येताना आमच्याकडे थांबतात. गाडी चालवणार मुक्ता, पण सुरू करण्याचा मान त्यांचा. चप्पल काढून आत बसतात, चोक ओढतात, किल्ली फिरवतात. गाडी पहिल्या फटक्यात सुरू.

"बघितलंस? ये होता है कार्बोरेटर!"

"मान गए, काका."

एकदा किल्ली फिरवल्यावर पंपाचा 'गुंऽऽ' आवाज आला. भावजींनी कान टवकारले. "हे काय?"

"सुमनताईंचा मिक्सर," मुक्ता म्हणाली.

"इथपर्यंत ऐकू येतो? छान केला मी दुरुस्त."

भावजी घरी गेल्यावर आम्ही मायलेकी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसलो.

आणि परवा त्यांनी जाहीर केलं, "रविवारी पोहे झाले की सगळ्यांनी वहिनींकडे यायचं. बॉनेट उघडून कार्बोरेटर दाखवायचा. मी नाही, मुक्ता समजावून सांगेल." मुक्ता म्हणते, "आई, कुछ नहीं होता, मी त्या दिवशी आजारी पडेन." तिला शांत झोप लागली आहे. मला नाही.

आत्ता हे लिहिताना मात्र गेल्या आठवड्यातली भैरवगढची दुपार आठवली. आम्ही तिघं छापाच्या चादरी आणायला गेलो होतो. मे महिन्याचं ऊन, बॉनेट तव्यासारखं तापलेलं, गाडी बंद करून पाच मिनिटं झाली असतील. भावजी आत बसले, चोक पुरा बाहेर ओढला, गाडी सुरू केली आणि मुक्ताकडे बघून म्हणाले, "वाह!"

गरम इंजिनाला चोक? मी नवी नवी स्कूटर शिकत होते तेव्हा याच एका गोष्टीवरून हा माणूस गल्लीभर ओरडला होता, "वहिनी, गरम इंजिनाला चोक देतात का? पेट्रोल पाजून बुडवाल तिला!" तो माणूस भर उन्हात चोक ओढतो, आणि वर वाह म्हणतो?

म्हणजे यांना ठाऊक आहे. कदाचित त्या पहिल्या 'गुंऽऽ'पासून. दोन्ही कान शाबूत असलेल्या माणसाला आम्ही मिक्सर ऐकवत होतो! म्हणूनच 'मी नाही, मुक्ता समजावून सांगेल.' रविवारी बॉनेटसमोर उभी राहून नसलेला कार्बोरेटर दाखवायचा आहे तो आमच्या प्राध्यापिकाबाईंना.

उशीर झालाय, पण भावजी या वेळी रेडिओ उघडून बसलेले असतात. त्यांना फोन लावते. एवढंच विचारणार, "भावजी, रविवारी मुक्ता आजारी पडायच्या बेतात आहे. तिला बाहेर कसं काढायचं?"