साचेबुवांचे अपवाद

ऑफिसात त्यांना साचेबुवा म्हणत आणि ते ही पदवी असल्यासारखी मिरवत. सर्व्हर-रूममधल्या प्रत्येक मशीनला सेटिंगची एक फाइल लागायची. शेजारच्या टेबलावरच्या ताई ती मशीनगणिक हाताने लिहीत. साचेबुवांनी सगळ्यांसाठी एकच साचा केला. त्यातल्या रिकाम्या जागी मशीनचा नाव-पत्ता भरला की प्रोग्राम फाइल काढून देणार. प्रत्येक फाइलच्या डोक्यावर ओळ यायची, 'ही फाइल आपोआप बनली आहे, हाताने बदलू नये'. ताईंनी सवयीने काही बदललंच, तर प्रोग्राम तासाभरात ते पुसून टाकी आणि साचेबुवा दिवसभर मिशीत हसत.

पण मशीन एकीसारखी दुसरी निघेना. एकीची डिस्क लहान, दुसरी म्हातारी आणि हट्टी. आपल्या साच्यात चूक आहे हे मान्य करणं साचेबुवांना जड जायचं, म्हणून ते त्यात नुसता अपवाद घालत: 'हीच मशीन असेल तर असं'. ठिगळावर ठिगळ चढत गेलं आणि मूळ कापड कधी संपलं ते त्यांनाही कळलं नाही. शेवटी प्रत्येक मशीनचा आपापला अपवाद झाला. म्हणजे ताई करत होत्या तेच, फक्त कुणाला वाचता येणार नाही असं.

विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली, तेव्हा ती आपलीच, असं साचेबुवांनी घरी सांगूनही टाकलं. बायकोने नवा शर्ट आणला.

निवडीच्या दिवशी साहेब म्हणाले, नवी मशीन आली आहे, सगळ्यांसमोर साच्यातून उभी करून दाखवा. साचेबुवांनी नव्या शर्टाच्या बाह्या वर सारल्या, नाव भरलं, बटण दाबलं. फाइल आली. तिच्यात एकच ओळ होती: हाताने बदलू नये. नवी मशीन कुठल्याच अपवादात बसत नव्हती आणि अपवादांखेरीज साच्यात काही उरलं नव्हतं.

"हिच्यापुरता एक अपवाद टाकतो, साहेब," साचेबुवा म्हणाले.

साहेबांनी साचा पडद्यावर खालपर्यंत सरकवून पाहिला. बराच वेळ लागला. मग विचारलं, हे आणखी कुणाला कळतं का. साचेबुवांना ही स्तुती वाटली.

"माझ्याशिवाय कुणालाच नाही."

"मग तुम्हाला वर घेतलं तर हे सांभाळणार कोण?"

प्रमुख ताई झाल्या. साचेबुवांनी रागाने रजा मागितली, ती ताईंनी नाकारली. कारण तेच.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं, शर्ट उलटसुलट करून पाहिला आणि दुकानाचं बिल शोधता शोधता थांबली.

"अहो, बाह्या कशाला वर सारल्यात? आता दुकानदार परत घेणार नाही तो."