तिसऱ्या हाकेची माणसं

माझा आवडता सिनेमा जुना आहे. बर्फातल्या छावणीत परग्रहावरचा जीव शिरतो, एकेका माणसाचं हुबेहूब रूप घेतो, आणि खरा कोण हे कुणालाच ओळखता येत नाही. लोक त्यातल्या रक्ताला घाबरतात. मला भीती वाटते ती एका पंगतीला जेवणारे एकमेकांकडे तिरकं बघायला लागतात त्याची.

डोळखांबच्या घरी मी तो आईला मोबाइलवर दाखवला. शास्त्रज्ञांच्या तपासण्या बघून ती वैतागली. "यवडे शिकलेले, पण तीन हाका मारायला लावायची अक्कल नाय!" आमच्या पाड्यात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही. भूत दोनदाच हाक मारतं, तिसरी हाक माणसाचीच, असं आई मानते. त्यापायी शाळेतून आल्यावर मी रोज दारात घसा फोडत उभा राहायचो. अजूनही राहतो, आणि अजूनही चिडतो.

आज दुपारी शहापूरहून आलो. तीन हाकांच्या तयारीनेच "आये" म्हणून ओरडलो. पहिल्याच हाकेला आतून ओ आली.

आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली, हसली. मी उंबऱ्याबाहेरच उभा आहे.